व्होल्टला अँपिअरने भागलं की मोटारीचा ओहम निघत नाही

प्रश्न: विहिरीवर 5 अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार आहे. व्होल्टेज 415, अँपिअर 8. गुणाकार केला तर 3320 वॅट येतात, म्हणजे मोटार पाच अश्वशक्तीसुद्धा देत नाही. भागाकार केला तर 52 ओहम येतो, पण मीटर लावलं की वायंडिंग (मोटारीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) 4 ओहम दाखवतं. दुकानदार म्हणतो वायंडिंग शॉर्ट आहे, भरून घ्या (नवी तार गुंडाळून घ्या), नाहीतर साडेसात अश्वशक्तीची बसवा. काय करावं? आणि अनुदानाच्या अर्जात अश्वशक्ती कोणती लिहू?

उत्तर: भरूही नका, बदलूही नका. या आकड्यांवरून मोटार ठणठणीत दिसते.

आधी वॅटचं. व्होल्ट गुणिले अँपिअर हा सरळ हिशेब डीसीला आणि सिंगल फेजवरच्या हीटरला चालतो. तुमची मोटार थ्री-फेज आहे, म्हणून 1.732 ने गुणायचं राहिलं. 1.732 × 415 × 8 म्हणजे सुमारे 5750. त्याला पॉवर फॅक्टरने (यातला किती भाग खरोखर कामाची वीज, ते प्रमाण) गुणा, 0.8 धरा: 4600 वॅट. ही मोटारीने ओढलेली वीज. यातली साधारण 80 टक्के शाफ्टवर येते, म्हणजे 3680 वॅट. एक अश्वशक्ती 746 वॅटची, पाचाचे 3730. आकडा जुळला की नाही? 415 व्होल्टला अश्वशक्तीमागे दीड अँपिअरच्या आसपास, हा ठोकताळा लक्षात ठेवा. नक्की आकडा मोटारीच्या पाटीवर असतो.

आता ओहमचं, कारण खरी फसवणूक इथेच होते. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, हे हीटरच्या कॉइलला खरं आहे. 230 व्होल्टवर 1000 वॅटची कॉइल 4.35 अँपिअर घेते, भागाकार 53 ओहम, आणि मीटरही जवळपास तेवढंच दाखवतं. मोटारीत तसं नाही. तिथे तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम काही ओहम असतो. प्रवाहाला बाकीचा अटकाव होतो तो वायंडिंगच्या चुंबकीय परिणामामुळे आणि फिरणाऱ्या रोटरमुळे, आणि मीटर बंद मोटारीवर लावलेलं असतं, त्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून 4 ओहम दिसणं हे शॉर्टचं लक्षण नव्हे. मी अशा किती तरी चांगल्या मोटारी भरायला गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि भरून आल्यावर पहिल्यासारख्या चालणाऱ्या फार थोड्या.

पाहायचं ते हे: मेन स्विच बंद करून, केबल स्टार्टरमधून सोडवून, मोटारीच्या तीन तारांतल्या दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांचा ओहम घ्या. तिन्ही सारखे आले तर वायंडिंग ठीक. एक जोडी वेगळी निघाली तर संशय घ्या. अर्थिंगची गळती साध्या मीटरवर कळत नाही, त्याला मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर. मेगरवर 1 मेगाओहमच्या खाली आलं तरच मोटार बाहेर काढायचं बोला. दुकानदाराने मेगर न लावता निदान केलं असेल तर ते निदान नव्हे, विक्री आहे.

अँपिअर कधी मोजता, तेही सांगा. सुरू होताना मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. तेव्हा टाँग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून अँपिअर मोजणारं मीटर) लावून '45 अँपिअर घेते' म्हणणारे भेटतात. पाणी पडायला लागून दहा मिनिटं झाली की मोजा, तिन्ही फेजवर.

आणि कृपा करून रिले, म्हणजे प्रवाह जास्त झाला की मोटार बंद करणारं स्टार्टरमधलं उपकरण, त्याची मर्यादा वाढवू नका. व्होल्टेज 350 वर आलं की त्याच भारासाठी अँपिअर साडेनऊच्या आसपास जातात, रिले पडतो, आणि कुणीतरी स्क्रू फिरवून 12 वर नेतो. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: 8 चे साडेनऊ झाले की उष्णता दीडपटीच्या जवळ. रिले पाटीवरच्या अँपिअरला ठेवा. स्टार-डेल्टा (मोटार दोन टप्प्यांत सुरू करणारा) स्टार्टर असेल आणि रिले वायंडिंगच्या वाटेवर असेल तर त्याच्या 0.58 पट. पडत असेल तर पडू द्या, कारण व्होल्टेजमध्ये शोधा. फ्यूजमध्ये जाड तार घालणं, 'दमदार' म्हणून मोठा कपॅसिटर लावणं, हा सगळा त्याच जातीचा उद्योग. रिले वाढवू नका.

केबलही तपासा. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे 8 ओहम. 200 मीटरला 1.6 ओहम. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: 64 × 1.6, एका तारेत 102 वॅट, तिन्हीत 300 च्या वर नुसती तार तापवायला, शिवाय पोचेपर्यंत वीसेक व्होल्ट कमी. 4 चौरस मिलिमीटर घेतली तर तोटा 190 च्या आसपास येतो. साडेसातची मोटार घेण्याआधी हा खर्च करा. त्याच केबलवर मोठी मोटार टाकली तर व्होल्टेज आणखी पडेल.

अनुदानाचं विचारलंत: अर्जात अश्वशक्ती पाटीवरची लिहा, कोटेशनमधली नाही. बाकी अटी चालू परिपत्रकात पाहा.

माझा हट्ट एकच: स्टार्टरच्या पेटीत वही ठेवा. आठवड्यातून एकदा तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर, तारखेसह. एका फेजचे अँपिअर हळूहळू वेगळे होऊ लागले की मोटार जळण्याच्या कितीतरी आधी कळतं. पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना त्या पानाचा फोटो जोडा.