‘सुरक्षित पत्ता’ म्हणावं का?

कोल्हापुरात दुकानांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: कॅशिंग प्लगइनच्या, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून साइट लवकर उघडणाऱ्या जोड-प्रोग्रॅमच्या, सेटिंग मराठीत करतेय. एचटीटीपीएसच्या (ब्राउझर आणि साइटमधली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करणाऱ्या) पत्त्याला ‘सुरक्षित’ आणि नुसत्या एचटीटीपीच्या पत्त्याला ‘असुरक्षित’ लिहिलं तर चालेल का? राजारामपुरीतल्या एका दुकानदाराने ‘असुरक्षित’ वाचून, साइट हॅक झाली का, म्हणून फोन केला.

ताई, ‘असुरक्षित’ नको. मराठीत या शब्दात धोका आलाच, आणि इथे सांगायचंय एवढंच की जोडणीला संरक्षण नाही. अशा जागी आपल्याकडे ‘साधा’ तयार आहे; साधं टपाल, साधा डबा म्हणतो तसा ‘साधा पत्ता’.

‘सुरक्षित’ ठेवा, पण जोडणीला लावा, पानाला नको. गुऱ्हाळापासून मार्केट यार्डापर्यंत गुळाच्या गाडीवर ताडपत्री घट्ट आवळलेली असली की वाटेत कुणाचा हात आत जात नाही. ढेपेत साखर मिसळलीय का, ते ताडपत्रीवरून कळत नाही. फसव्या साइटलाही एचटीटीपीएस मिळतं. लोक कुलपाचं चिन्ह बघून साइटवरच विश्वास टाकायला लागले, म्हणून 2023 मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं ते कुलूप काढून टाकलं.

जुन्या प्लगइनमध्ये ‘सुरक्षित पानं साठवू नका’ अशा अर्थाची सेटिंग सापडते. तिचं शब्दशः भाषांतर तर मुळीच करू नका. पूर्वी एचटीटीपीएस बहुधा लॉगिनला आणि पैसे भरायच्या पानालाच असायचं, तेव्हा ‘सुरक्षित’ म्हणजे ‘खाजगी’ हे खपून जायचं. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची, एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रं सगळ्यांना मोफत खुली झाली आणि अख्ख्या साइट एचटीटीपीएसवर गेल्या. आज ती सेटिंग कुणी चालू केली तर एकही पान साठणार नाही. साठवायची नसतात ती खाजगी पानं: गिऱ्हाइकाची खरेदीची टोपली, त्याचं खातं. तिथे ‘खाजगी’च लिहा.

आता दोन्ही पत्त्यांच्या प्रती वेगळ्या का ठेवायच्या, तेही मराठीत नीट उतरायला हवं. साध्या पत्त्यावर तयार झालेल्या पानात स्टाइलशीटचे (पानाची सजावट ठरवणाऱ्या फायलीचे), स्क्रिप्टचे (पानावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) दुवेही साधेच असू शकतात. तीच प्रत एचटीटीपीएसने आलेल्याला दिली की ब्राउझर ते दुवे अडवतो आणि पान उघडंबोडकं दिसतं. याहून वाईट म्हणजे, ‘एचटीटीपीएसकडे जा’ हा निरोपच दोघांसाठी एक म्हणून साठला, तर आधीच तिथे असलेल्यालाही तोच निरोप पुन्हा पुन्हा मिळतो आणि शेवटी ब्राउझर हात टेकतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रतीची ओळख ठरवताना मुळातच एचटीटीपी की एचटीटीपीएस हे धरतो. व्हार्निश या प्रती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत साइटचं नाव आणि पानाचा पत्ता एवढंच धरलेलं असतं, तिथे ही भर आपण घालायची. म्हणून सेटिंगचं नाव असं द्या: ‘एचटीटीपी व एचटीटीपीएससाठी वेगळ्या प्रती ठेवा’.

न विचारलेलं एक सांगतो. बटणावर ‘कॅश रिकामी करा’ लिहू नका. दुकानदाराला कॅश म्हणजे गल्ल्यातले पैसे. ‘साठवलेल्या प्रती काढून टाका’ लिहा. थोडं लांब होतं, पण पहिल्या वाचनात कळतं.