राजीनामा मे महिन्यात लिहू नको

नागपूर, नवतपाचा तिसरा दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास, दोन ग्लास पन्हं प्यायलास आणि मोबाईलवर ती एक्सेल शीट उघडलीस. वय 38. घरखर्च महिन्याला साठ हजार, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार. त्याच्या पंचवीस पट पुंजी, म्हणजे 1 कोटी 80 लाख, जमली की नोकरी सोडायची. ते दिवाळीपर्यंत जमतात, मग मिहानमधल्या ऑफिसचा रस्ता बंद आणि काटोलकडे दोन एकर संत्रा. राजीनाम्याचा मसुदाही तू लिहून आणला होतास. कुलरच्या आवाजात धड बोलता आलं नाही, म्हणून आता सावकाश लिहितो.

तो मसुदा तू पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर चौथ्या दिवशी लिहिलास, हे तूच सांगितलंस. त्यात हा उन्हाळा. 45 अंशात आपल्या गावात कोणालाही काहीही सोडून द्यावंसं वाटतं. मला तर व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर स्कूटरच सोडून द्यावीशी वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत लोक ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करतात, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, जाळतात आणि जेवायला घरी जातात. ऑफिसच्या साहेबाचा बडग्या काढता येत नाही, म्हणून माणूस राजीनामा लिहितो. मीही तेच केलं होतं.

2000 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षं झालेल्यांसाठी. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, शिवाय पीएफ, ग्रॅच्युइटी. देशभरात लाखाहून जास्त लोक त्यात बाहेर पडले. मी 46 वर्षांचा होतो, नोकरी 24 वर्षं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर एका चुकीवरून मला बोल लावला. चूक माझी नव्हती, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी मी फॉर्म भरला. काकूला सांगितलं दुसऱ्या दिवशी. ती अजून ते विसरलेली नाही.

सगळे मिळून हातात चौदा लाख आले. तेव्हा मुदत ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं; महिन्याला साडेअकरा हजार धरले आणि बेत आखला. घर स्वतःचं, मुलगी शाळेत, भागेल असं वाटलं. 2004 उजाडेपर्यंत तेच व्याज साडेपाचवर आलं. साडेअकरा हजारांचे साडेसहा झाले, आणि मुलगी बारावीला. चोवीस वर्षं लोकांना ठेवीच्या पावत्या फाडून देणारा मी, पण व्याजदर खाली येतो हे स्वतःच्या वहीत धरलंच नव्हतं. त्यात 1995 मध्ये बँकेत पेन्शनचा पर्याय आला तेव्हा मी पीएफच बरा म्हणून नाकारलेला. (2010 मध्ये तो पर्याय पुन्हा मिळाला, ती वेगळी कथा, प्रत्यक्ष भेटीत सांगीन.) शेवटी इतवारीत एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे चार वर्षं हिशेब लिहिले. सेठ चांगले होते. पण माझ्या जुन्या खातेदारांपैकी कोणी दुकानात आलं की मी मान वर करत नसे.

आता तुझी पंचवीस पट. तिचं मूळ अमेरिकेत आहे. 1994 मध्ये विल्यम बेंगेन नावाच्या आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर बाजाराचे आणि सरकारी रोख्यांचे जुने आकडे तपासून सांगितलं, की पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तरी पैसा तीस वर्षं पुरतो. तीस वर्षं, बाबा! तो साठी-पासष्टीला थांबणाऱ्याचा हिशेब आहे. तुला अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचायचं तर पन्नास वर्षं झाली. आणि आकडे तिथल्या महागाईचे, इथल्या नाहीत. मी असतो तर 3 टक्केच धरले असते, म्हणजे 2 कोटी 40 लाख. महागाई सहा टक्के धर. खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. तुझे साठ हजार पन्नाशीला सव्वा लाखाच्या जवळ जातात, बासष्टीला 2 लाख 40 हजार. शिवाय तुझ्या शीटमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाही, भाचीच्या लग्नाचा आहेर नाही. नेमका सोडल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार पडला आणि पडत्या भावात म्युच्युअल फंडाची युनिटं विकून किराणा भरावा लागला, तर पुढची तेजी तुझ्या कामाची राहत नाही. म्हणून तीन वर्षांचा खर्च वेगळ्या ठेवीत हवा, आणि तो त्या 2 कोटी 40 लाखांत मोजायचा नाही.

दोन गोष्टी घाईत सांगतो. कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि स्वतःच्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुला बीपीची गोळी सुरू झाली आहे, म्हणून पॉलिसी याच महिन्यात घे, सोडलंस किंवा नाही सोडलंस तरी. दुसरं, पीएफबरोबरची जी पेन्शन तू धरली आहेस ती पंधरा हजारांच्या पगार-मर्यादेवर मोजतात. पंधरा वर्षांच्या नोकरीला फार तर महिन्याला 3,200 रुपये, आणि तेही 58 झाल्यावर. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापून. ती रक्कम शीटमधून काढूनच टाक.

पैशाबद्दल तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, दुरुस्त करशील. मला काळजी संत्र्याची आहे.

तू काटोलला गेलास ते डिसेंबरात. अंबिया बहाराची फळं लगडलेली, थंड हवा, मित्राच्या बागेत खाटेवर बसून हुरडा. असं पाहिलं तर मीही उद्या बाग घेईन. नवीन कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर आंतरपीक, पाणी, मजूर. पुढे बहर धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, तो किती द्यायचा हे पुस्तकात वाचून कळत नाही. जास्त झाला की झाड वाळतं. मग कोळशी, डिंक्या असले रोग, आणि सगळं नीट झालं तर फेब्रुवारी-मार्चातली गारपीट. तुझ्या साहेबाशी निदान बोलता तरी येतं. बाबांच्या नावाचा सातबारा आहे, म्हणून जमीन घेणं तुला सोपं जाईल. पण बाग म्हणजे निवृत्ती नव्हे, ती दुसरी नोकरी आहे आणि तिथे रविवार नसतो. ती करावीशी वाटत असेल तर जरूर कर. फक्त बाग मेमध्ये पाहा आणि नोकरी डिसेंबरात. तू नेमकं उलटं केलं आहेस.

घरातलंही थोडं. माझ्या स्वेच्छानिवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी काकू म्हणाली, “तुम्ही रिटायर झाले अन् माझी ड्यूटी वाढली.” अकराला चहा, एकला जेवण, चारला पुन्हा चहा, तिच्या दुपारी मी खाऊन टाकल्या होत्या. तुझी बायको शाळेत शिकवते. ती सकाळी सातला निघेल आणि तू घरी असशील. मुलाच्या मित्रांनी विचारलं ‘तुझे बाबा काय करतात’, तर तो काय सांगेल, हे त्यालाच विचार. मी मुलीला कधी विचारलं नाही. ती वर्षभर ‘बँकेत’ म्हणून सांगत राहिली, हे मला तिच्या लग्नात कळलं.

तुला अडवायचंच आहे असं समजू नकोस. माझ्याबरोबर फॉर्म भरलेला एक सहकारी होता, तो आधीपासून रोज पहाटे मुलांना गणित शिकवायचा, फुकट. बँक सुटल्यावर त्याच्या दिवसात फक्त तास वाढले. आज त्याला कोणी निवृत्त म्हणत नाही. त्याने फॉर्म माझ्याच दिवशी भरला, पण त्याचं कोणाशी भांडण झालेलं नव्हतं.

तेव्हा आधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा माग. मिळाली नाही तर बदली माग, काम कमी करून माग. तिन्हीला नकार आला तर तेही कळलं. त्या तीन महिन्यांत ठरवल्याप्रमाणे साठ हजारांतच घर चालव, क्रेडिट कार्ड काकूकडे ठेव. आणि येत्या शनिवारी आपण काटोलला जाऊ. सकाळी नाही, दुपारी एकला निघू. दुपट्टा बांध, खिशात कांदा ठेव, पाण्याची मोठी कॅन घे. तुझ्या मित्राला सांग, खाट नको, ड्रिपच्या नळ्या बुजल्या असतील तिथे घेऊन चल.

मसुद्याचा कागद तू टीपॉयवरच विसरलास. तो मी माझ्या पासबुकांच्या फाईलमध्ये ठेवला आहे. डिसेंबरात, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तातून वाट काढत येशील तेव्हा माग, देईन. तारीख मात्र नवी टाकावी लागेल.

तुझा,
काका