घोडी मुलांना खरंच ओळखते, की फक्त चंदीला?

तुम्ही विचारलंय, दिंडोरीजवळ शेती आहे, सात वर्षांची मुलगी घोडीसाठी हट्ट धरून बसलीय, घोड्याला लेकरांचा खरंच लळा लागतो की चंदी, म्हणजे दाणा, देईल त्याच्या मागे जातो, आणि शिंगरू घ्यावं की मोठं जनावर.

चंदी देणाऱ्याच्या मागे जातं, हे खरंच आहे. आपणही जातो. पण तेवढ्यावर सगळं संपत नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, निफाड स्टेशन ते गाव टांगा चालवायचे. काळ्या-पिवळ्या जीपा सुरू झाल्या, टांगा गोठ्यामागे उलटा पडला आणि घोडी तेवढी राहिली. तिला नाव असं नव्हतंच, तांबडी म्हणायचो. मी तिसरीत होते. खोगीर वगैरे चोचले नाहीत, पाठीवर गोणपाट टाकायचं आणि नदीवर जायचं.

तर ही बाई जिथे जिथे टांगा थांबायचा तिथे तिथे थांबायची. नाक्यावर, सोसायटीसमोर, पिंपळाच्या पारापाशी. टाचा मारा, चुचकारा, ढिम्म. अण्णा म्हणाले, "अगं, तिच्या लेखी पाशिंजर चढायचाय." मग मी खाली उतरायचे, परत चढायचे, की निघाली! नदीपर्यंत असं तीन-चारदा. सपाट जमिनीवरून मला चढता यायचं नाही, आयाळ धरून लोंबकळायचे. दोन-तीन महिन्यांत तांबडी पाराला अंग लावून, अगदी समांतर उभी राहायला लागली, म्हणजे मला पारावरून पाय टाकता यावा. अण्णा चढताना ती असं कधीच करत नव्हती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि पारावर चंदीही नव्हती. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता दुसरी गोष्ट. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, नवा मका नुकताच झोडून पडवीत पोती लावली होती. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, रात्री कोंबड्यांना मूठभर टाकायला एक पोतं उघडलं आणि तोंड न बांधता तसंच ठेवलं. पहाटे तांबडी मोकळी. पोतं निम्मं. घोड्याला उलटी होत नाही, हे घोडं पाळणाऱ्याने कपाळावर लिहून ठेवावं. पोटात गेलेलं परत येत नाही. ती पुढच्या पायाने जमीन खरवडत होती, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, अंग घामाने ओलं. अण्णा तिला लोळू न देता अंगणात फिरवत राहिले. डॉक्टर दुपारी आले. नाकातून नळी घालून तेल सोडलं. जीव वाचला, पाय गेले.

पाय कसे गेले, तर एवढं धान्य आतड्यात आंबतं, त्याचं विष रक्तात उतरतं आणि खुराच्या आत सूज येते. खूर टणक, सूज जाणार कुठे? चार दिवसांनी तांबडी पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार टाचांवर टाकून उभी. त्यानंतर ती रस्त्यावर कधी गेली नाही. दोन वर्षं अंगणातच काढली.

नालबंद दर दीड महिन्याने खूर तासायला यायचा. एक पाय उचलायचा म्हणजे दुसऱ्या दुखऱ्या पायावर सगळं वजन. अण्णांना द्यायची नाही, नालबंदाला तर दात दाखवायची. मी खांद्याशी उभी राहून पायामागून हात खाली नेला की द्यायची. थरथरत, पण द्यायची.

तात्या आजही चारचौघांत म्हणतात, "हिनेच लाडालाडात मका चारला." मी मूठभर हरभऱ्याखेरीज तिला कधी काही चारलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीवर ढकललं की घरातलं कोणी काही विचारत नाही, म्हणून ढकललं. तुमच्याकडे जनावराला काही झालं तर आधी मोठ्या माणसांनी काय उघडं टाकलं होतं ते बघा, मग पोरीकडे वळा.

हां, एक खरं सांगायला हवं. त्या रात्री दाव्याची गाठ मी मारली होती. ती सुटली.

शिंगरू घेऊ नका. "लेकरू आणि शिंगरू बरोबरच वाढतील" हे ऐकायला गोड आहे, पण दोघांनाही काही येत नसतं आणि हाड लेकराचं मोडतं. दहा-बारा वर्षांची, माणसात वावरलेली, थंड डोक्याची घोडी बघा. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार असाल तर मुलीला बरोबर न्या. लोक तिथे शुभ-अशुभ ठरवायला अंगावरचे केसांचे भोवरे आणि देवमण (तोही एक भोवराच, शुभ मानतात) बघत बसतील. तुम्ही घोडी चारही पाय मुकाट्याने उचलून देते का ते बघा, कान कधी मागे पडतात ते बघा. मुलीला खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जायला शिकवा. कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीमागे घोड्याला दिसत नाही. हेल्मेट हवंच, मी घातलं नाही ते सोडा. धनुर्वाताची लस घोडीलाही आणि पोरीलाही. आणि घोडं पंचवीस वर्षंही जगतं, मुलगी अकरावीला नाशिकला हॉस्टेलवर गेली की चंदी तुम्हालाच घालायचीय, याचा विचार आत्ता करा.

धान्याच्या खोलीला कडी हवी. आमच्या पडवीला आहे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तात्यांनी स्वतः निफाडहून आणून बसवली. का बसवली, विचारलं की म्हणतात, कुत्री यायची.