मुंबई सोडवत नाही, मी स्वार्थी आहे का?

"मॅडम, मला मुंबई सोडून जायचंच नाहीये, हा स्वार्थीपणा आहे का?" नोकरीसाठी मुंबईत आलेल्या मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला सतत येतात. मुलंही येतात, पण मुलींच्या मागे लग्नाची घाई लागलेली असते त्यामुळे त्यांना त्रास जास्त.

एकीचं सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. परभणीकडची, वय २४, बोरिवलीला पीजी, ऑफिस चर्चगेटला. घरचे म्हणत होते झाली ना दोन वर्षं, ये आता, स्थळं बघायचीत, आणि हिची झोप उडालेली.

मी विचारलं, नक्की काय सुटेल म्हणून रडू येतं? आधी म्हणाली मरीन ड्राइव्ह, पाऊस. हे सगळेच सांगतात. जरा वेळ दिला तर खरं बाहेर यायला लागलं... रात्री दहाला स्टेशनवरून एकटी चालत येते आणि कुणी 'कुणाची गं तू' विचारत नाही. दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात स्वतःच तिकीट काढून एकटीने नाटक बघितलं. आणि लेडीज स्पेशलमधला ग्रुप! फक्त बायकांची ही लोकल पश्चिम रेल्वेवर १९९२ पासून धावतेय, तिथे भाजी निवडता निवडता बायकांनी हिला एसआयपी, म्हणजे दर महिन्याला थोडी थोडी गुंतवणूक, कशी लावायची ते शिकवलं, दसऱ्याला सगळ्यांनी मिळून डब्याला तोरण बांधलं. म्हणजे शहरावर जीव होताच पण इथे येऊन ती जी झाली तिच्यावर जास्त होता, आणि यात स्वार्थी काय आहे? मला तरी दिसत नाही.

पण अजून एक निघालं. जुलैत ताप आला तेव्हा पाणी द्यायला कुणी नव्हतं, रविवार खायला उठतो, हे तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की लगेच 'ये परत'. घरी जायचे ते फक्त समुद्राचे फोटो. मग आईवडिलांनी विश्वास ठेवायचा तरी कशावर, मुलगी रोज कशी जगते हेच माहीत नाही तर भीती वाटणारच ना.

तिला म्हटलं, आईला बोलव, गेटवे दाखवायला नाही, तुझ्या रोजच्या रस्त्याने ने, आणि तापाचंही सांग. आई देवगिरी एक्स्प्रेसने आली. पहिल्या दिवशी गर्दी बघूनच घाबरली, दुसऱ्या दिवशी डब्यातल्या बायकांनी सरकून तिला तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर बसवलं, गाव कुठलं, मुलं किती, सगळं विचारून घेतलं. तापाचं ऐकून ती चिडली, रडली, मग म्हणाली, "पुन्हा आजारी पडलीस तर कुणाला फोन करशील? त्यांचे नंबर मला दे."

वडील अजून तयार नाहीत. आई मात्र स्थळ सांगणाऱ्यांना आधीच सांगते की पोरगी मुंबईतच राहणार. पीजीचं भाडं वाढतंय तो प्रश्न आहेच, पुढच्या सेशनला त्यावर बोलायचंय.