राज्यकर्ता प्रामाणिक असेल तर कायद्याचं राज्य कशाला हवं?

तुम्ही विचारलंय की सत्तेवरचा माणूस प्रामाणिक आणि कर्तबगार असेल, तर कायद्याच्या राज्याचा एवढा आग्रह कशासाठी? कोर्टकचेऱ्यांत वर्षं घालवण्यापेक्षा त्याने झटपट निर्णय घ्यावेत, गुन्हेगारांना तिथल्या तिथे धडा शिकवावा, यात वाईट काय?

मी कायदा शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. विचारणारे बहुधा कुठल्या तरी अन्यायाने मनापासून चिडलेले असतात, म्हणून तो मी कधीच उडवून लावत नाही.

माझ्या मते कायद्याचं राज्य चोर-दरोडेखोरांना आवरण्याआधी सत्ताधाऱ्यांना आवरतं. "हे तुम्ही कोणत्या कायद्याने करताय?" असं कोणीही विचारू शकतं, समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर टिकतं की नाही हे त्याच्या हाताखाली नसलेला माणूस ठरवतो. पंतप्रधानांपासून शिपायापर्यंत सगळे एकाच कायद्याला बांधील, असं ब्रिटिश कायदेपंडित डायसी यांनी 1885 मध्ये लिहिलं ते याच अर्थाने.

एक खटला सांगतो. जॉन एन्टिक हा लंडनमधला लेखक सरकारवर टीका करणाऱ्या एका साप्ताहिकात लिहायचा. नोव्हेंबर 1762 मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याचं वॉरंट घेऊन नेथन कॅरिंग्टन आणि त्याचे तीन साथीदार त्याच्या घरात शिरले. चार तास घराची उलथापालथ केली, कुलपं फोडली, पेट्या उघडल्या, खासगी कागद वाचले आणि ढीगभर कागद उचलून नेले. एन्टिकने त्यांच्यावर दावा ठोकला. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की अशी वॉरंटं आजवर निघत आली आहेत, कोणी हरकत घेतलेली नाही, आणि राज्य चालवायला ती लागतातच. न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी 1765 मध्ये ते साफ फेटाळलं. असा कायदा असेल तर तो आमच्या ग्रंथांत सापडेल, तिथे सापडत नसेल तर तो कायदाच नव्हे, असं त्यांनी सुनावलं. एन्टिकला 300 पौंड भरपाई मिळाली.

यात हॅलिफॅक्स माणूस म्हणून कसा होता, यावर काहीच अवलंबून नव्हतं. तो सज्जन असता तरी निकाल हाच लागला असता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं.

पण कायदा कागदावर असला की झालं, असंही समजू नका. 27 फेब्रुवारी 1933 ला बर्लिनमधल्या संसद भवनाला आग लागली आणि मारिनस व्हान डर लुबे हा डच तरुण तिथेच पकडला गेला. त्या दिवशी जाळपोळीला मृत्युदंड नव्हता. हिटलरच्या सरकारने मार्चअखेर कायदा करून तो मागच्या तारखेपासून लागू केला आणि जानेवारी 1934 मध्ये त्याचा शिरच्छेद केला. त्याच वर्षी 30 जूनपासून तीन दिवसांत हिटलरच्या हुकुमाने त्याच्याच पक्षातले आणि पक्षाबाहेरचे अनेक जण मारले गेले. 3 जुलैला एका वाक्याचा कायदा आला: ही कृत्यं राज्याच्या बचावासाठी होती, म्हणून कायदेशीर होती. म्हणजे एका कायद्याने आधीच्या कृत्याला नवी शिक्षा आणली आणि दुसऱ्याने झालेले खून धुऊन काढले. कागदोपत्री सगळं बिनचूक. म्हणूनच कायदा आधी जाहीर झालेला हवा, वाचून कळेल असा हवा, आणि करणाऱ्यालाही लागू हवा.

न्यायालयंही कच खातात, हे आपण भारतात पाहिलंय. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो मार्ग बंद केला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्याचा जीव बेकायदा घेतला तरी उपाय नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. खन्ना एकटेच विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणीतही रोखता येणार नाही, अशी तरतूद केली. तो निकाल मात्र 2017 पर्यंत उभा होता.

आता तुमच्या प्रामाणिक राज्यकर्त्याकडे येऊ. तो स्वतः कुणाच्या दारात जात नाही, त्याच्या नावाने हजारो माणसं जातात. त्यातल्या एकाने तुमचा परवान्याचा अर्ज कारण न देता नाकारला, तर नेत्याचा प्रामाणिकपणा तुमच्या काय कामाचा? लेखी कारण मागण्याचा आणि अपिलाचा हक्क मात्र कामाला येतो. आणि नेता जातो, त्याला दिलेले अमर्याद अधिकार राहतात. पुढच्या माणसाच्या हाती ते कसे दिसतील, याचा विचार आजच करायला हवा.

"तिथल्या तिथे धडा" यात पकडणारा, दोषी ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच असतो. चुकीचा माणूस सापडला तर ते सांगणार कोण?

विलंबाबद्दलची तुमची चीड मात्र मला शंभर टक्के पटते. 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेत इंग्लंडच्या राजाने वचन दिलं होतं की न्याय आम्ही कुणाला विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणारही नाही. विलंब त्यात विक्रीच्या पंगतीला बसवलाय! वीस वर्षं खटला चालतो तेव्हा कायद्याचं राज्य तितकं कमीच पडलेलं असतं. तेव्हा लोकप्रतिनिधी मत मागायला आले की त्यांना विचारा: न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा कधी भरणार, पुन्हा पुन्हा तारखा मागण्यावर बंधन कधी येणार, आणि सरकार स्वतः जे हरलेले दावे वरच्या कोर्टात रेटत राहतं ते कधी थांबवणार.