जेद्दातला लिलाव आणि पुण्यातली एक मॅच

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षं सौदी अरेबियात जेद्दाला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. 2024 च्या नोव्हेंबरात आयपीएलचा लिलाव तिथे झाला, तेव्हा हौसेने त्याचा फोन आला, “आई, आपली माणसं आमच्याकडे आलीत!” माझा पुतण्या मात्र म्हणतो, असल्या राजवटीच्या दारात क्रिकेट नेणं लाजिरवाणं आहे. मग तिथल्या पगारावर आमचं घर चालतं, त्याचं काय?
– एक वाचक, खेड (रत्नागिरी)

उत्तर : ताई, आधी घरचं बोलू. तुमचा मुलगा भर उन्हात गच्चीवर चढून मशीन उघडतो आणि केलेल्या कामाचा पगार घेतो. त्याच्या कष्टाने कुठल्याही राजाची अब्रू झाकली जात नाही. त्यासाठी नावाजलेली माणसं लागतात. ऋषभ पंतवर 27 कोटींची बोली लागली, त्या दिवशी आपल्या घराघरांत जेद्दाचं नाव कौतुकाने घेतलं गेलं. 2023 मध्ये आयपीएलमधल्या सर्वाधिक धावांसाठी शुभमन गिलला मिळालेल्या ऑरेंज कॅपलाही सौदीच्या अरामको या सरकारी तेल कंपनीचं नाव होतं. आपल्या या टाळ्याच तिथल्या सत्तेला हव्या असतात.

बायकांना गाडी चालवू द्या म्हणून झगडणाऱ्या लुजैन अल-हथलूलला मे 2018 मध्ये पकडलं. पुढच्याच महिन्यात बंदी उठली, तेव्हा ती कोठडीतच होती. सुटली ती फेब्रुवारी 2021 मध्ये. त्याच डिसेंबरात जेद्दात फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. मला हे अजून गिळवत नाही. 12 मार्च 2022 ला सौदीत एका दिवसात 81 जणांना देहदंड दिला, आणि पंधरा दिवसांनी जेद्दात पुन्हा शर्यत.

खेळाने दारं उघडतात, असं म्हणतात. जानेवारी 2018 पासून तिथल्या बायका फुटबॉलच्या मैदानात जाऊ लागल्या, हे खरं आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण पाहुणा तोंड उघडणार असेल तरच हा युक्तिवाद टिकतो. 2021 मध्ये फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टनने जेद्दातच सांगितलं की इथे त्याला मोकळं वाटत नाही. आपल्या लिलावात तसा एकही शब्द मी ऐकला नाही.

1974 मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. टेनिसच्या डेव्हिस कपात भारताने सोव्हिएत संघाला पुण्यात हरवलं, ती मॅच मला मामाने दाखवली. गर्दीत काही दिसेना, म्हणून त्याने मला खांद्यावर घेतलं. विजय अमृतराज तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका आली आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही. कप न खेळता त्यांना मिळाला. मामा दोन दिवस नीट जेवला नाही. “हातातला कप सोडला रे,” म्हणायचा. तिकिटाचा तुकडा त्याने शेवटपर्यंत पानाच्या डब्यात जपला. तो कप आपल्याला आजवर मिळालेला नाही. तरी त्या वर्षीचा भारतीय संघ मला सर्वांत जवळचा वाटतो.

तेव्हा पुतण्याचं म्हणणं मला पटतं. पण ते त्याने बीसीसीआयला लिहावं, भावाला ऐकवू नये. सात वर्षं परमुलखात राहिल्यावर आपलं माणूस आलं म्हटलं की जीव धावतोच. फोन आला की त्याला पोटभर बोलू द्या.