दर दहा पावलांवर लढाई

प्रश्न: कॉलेजात असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर 'फायनल फँटसी ६' खेळायला घेतला होता. दर दहा पावलांवर लढाई! वैतागून अर्ध्यात सोडला. आता चाळिशीत तसेच ठिपक्याठिपक्यांचे नवे गेम दिसतात. रात्री कसाबसा पाऊण तास मिळतो. एखादा घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: घ्या, पण 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' (२०१८) नको. दिसायला देखणा आहे, पण तुम्ही ज्याला कंटाळलात ती न दिसता अंगावर येणारी लढाई त्यात तशीच ठेवली आहे.

या दुखण्यावर औषध जुन्या गेमनीच शोधलं होतं. १९९५च्या 'क्रोनो ट्रिगर'मध्ये राक्षस वाटेतच उभे दिसतात आणि पडदा न बदलता तिथेच जुंपते. मी तो मोबाइलवर, पुणे-मुंबई गाडीत संपवला. कॅनडातल्या सॅबोटाज स्टुडिओचा 'सी ऑफ स्टार्स' (२०२३) हीच पद्धत वापरतो. शिवाय घाव बसताना नेमक्या क्षणी बटण दाबलं तर तो जोरात बसतो. शत्रूचा वार येताना दाबलं तर कमी लागतं. म्हणजे लक्ष हवंच. कुकरच्या शिट्ट्या मोजत खेळायला गेले आणि दोन्ही चुकलं. चित्रं, संगीत झकास. संवाद मात्र मला पाणचट वाटले.

तुमच्यासाठी माझं मत 'चेन्ड एकोज'ला (२०२२). मथियास लिंडा या जर्मन माणसाने संगीत सोडलं तर जवळजवळ एकट्याने तो बनवला. लढाई संपली की सगळे आपोआप ठणठणीत होतात, औषधांच्या बाटल्या साठवायला नकोत. लेव्हल, म्हणजे पात्रांची ताकद, वाढवण्यासाठी त्याच त्या किरकोळ राक्षसांना झोडपत बसणंही नाही. नवी कौशल्यं बहुतेक गोष्ट पुढे सरकली की मिळतात. पण म्हणून सोपा समजू नका. लढताना पडद्यावर वर एक रंगीत पट्टी असते, चाली खेळाल तसा तिच्यावरचा काटा पुढे सरकतो. काटा हिरव्यात असेपर्यंत मजा, लाल भागात गेला की मार जास्त बसतो. मग तो मागे आणायला मनात नसलेली चाल खेळावी लागते. एकच हुकमी वार पुन्हा पुन्हा मारायची आपली जुनी सवय इथे चालत नाही.

सुरुवातीला राज्यं, घराणी, पात्रं यांचा भडिमार होतो. दोन दिवस खंड पडला की कोण कुणाच्या बाजूचं ते आठवत नाही. मी नावं विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवली होती.